काचेच्या पेटीतले बाळ आणि बाहेरचे आपण

कमी दिवसांचे बाळ जन्माला आले की आपल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येते. "त्याच्या नशिबात असेल तर जगेल." बोलणारी माणसे दुष्ट नसतात. आजी असते, आत्या असते, शेजारची काकू असते. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आयाबायांची लेकरे गेली आणि का गेली हे त्यांना कुणी सांगितले नाही, म्हणून हे वाक्य तोंडात बसले. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या वणंद गावची लेक म्हणजे आपली रमाई. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही तिची चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. बॅरिस्टरच्या घरात ही स्थिती होती, तर खेड्यातल्या मजुराच्या घरात काय असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्या काळी अशी बाळे वाचवण्याची साधने फारशी नव्हती. आज आहेत. जिल्हा रुग्णालयांतून नवजात बाळांसाठी वेगळे अतिदक्षता कक्ष झाले. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला आणि सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळावर मोफत उपचार मिळणे हा गरिबाचा हक्क ठरला. जे बाळ पूर्वी चुलीजवळ कापसात गुंडाळून ठेवले जाई, ते आज काचेच्या पेटीत, वॉर्मरखाली, नळ्या लावून ठेवले जाते आणि पुष्कळदा वाचते. मग 'नशीब' हा शब्द अजून का जात नाही? माझ्या मते त्याचे कारण असे की यंत्रे आली, पण त्या यंत्रांवर लक्ष कोण ठेवते हे विचारण्याची सवय आपल्याला लागली नाही. त्याबद्दल चार शब्द लिहिते.

भंडाऱ्याची ९ जानेवारी २०२१ ची ती रात्र आठवा. जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बाळांच्या कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. आत सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. तीन बाळे भाजून आणि सात धुरात गुदमरून गेली, असे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. पुढे चौकशीत आगीचे मूळ बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या विजेच्या बिघाडात असल्याचे सांगण्यात आले. रुग्णालयात आग विझवण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती आणि ती बसवण्याचा प्रस्ताव वर गेलेला असून मंजुरीची वाट पाहत होता, हेही त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले. गेलेल्या बाळांचे बहुतेक आईबाप मोलमजुरी करणारे होते.

मी एका कार्यालयात लिपिक आहे. प्रस्ताव वाट पाहतो म्हणजे नेमके काय होते ते मला ठाऊक आहे. 'त्रुटींच्या पूर्ततेसाठी परत', 'निधी उपलब्ध होताच फेरसादर करावे', असा शेरा लिहायला अर्धे मिनिट लागते. लिहिणाऱ्याला त्या कागदात बाळ दिसत नाही. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, मार्च येतो, मार्च जातो. घटना घडली की मात्र सगळ्यांना जाग येते. भंडाऱ्यातही जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जण निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांना कामावरून कमी केले गेले, आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. ज्याची चूक त्याला जाब विचारलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु रात्रपाळीच्या सिस्टरला जाब विचारून आपण थांबलो, तर फाईल अडवणारे टेबल तसेच राहते. आणि ती सिस्टर तरी कोण? आपल्याच वस्तीतली, कर्ज काढून नर्सिंगचा कोर्स केलेली, कंत्राटावर राबणारी मुलगी असते.

भंडाऱ्यानंतर हे थांबले असते तर लिहायची गरज नव्हती. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बाळे होती. दूरदूरच्या तालुक्यांतून बाळे शेवटच्या घटकेला तिथे पोहोचत होती आणि कक्षात जागेपेक्षा कितीतरी जास्त बाळे होती. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री उत्तर प्रदेशात झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवजात कक्षाला आग लागली आणि त्या रात्री दहा बाळे गेली. गाव वेगळे, राज्य वेगळे, प्रश्न तोच.

आपल्या महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक कायदा आहे. त्यानुसार इमारतीतील आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी दोन वेळा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. हे प्रमाणपत्र आहे का, हा प्रश्न विचारायला डॉक्टरकी शिकावी लागत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कुणीही करू शकतो. दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. बाळ आत असताना हा अर्ज कोण करणार? म्हणून तो आधी करायचा असतो, घरात कुणाचे बाळ येण्यापूर्वी, मंडळाच्या किंवा महिला मंडळाच्या नावाने नव्हे तर एखाद्या नागरिकाच्या नावाने, कारण कायदा नागरिकाला अधिकार देतो.

आग मोठी असते म्हणून बातमी होते. पण त्या कक्षात रोज ज्या लहान गोष्टींवर बाळाचा जीव अवलंबून असतो, त्यांची बातमी होत नाही. त्या मी जवळून पाहिल्या आहेत.

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला आठवा महिना लागतो न लागतो तोच कळा सुरू झाल्या. सासर संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत, जावई मुंबईला कंपनीत, घरी सासूबाई आणि म्हातारे सासरे. मुलगा झाला, वजन चौदाशे ग्रॅम. तालुक्याच्या गावातून त्याला एका मोठ्या दवाखान्यात हलवावे लागले. चोवीस दिवस तो आत होता आणि आम्ही बाहेरच्या बाकावर. दिवसातून दोनदा आईला पाच मिनिटे आत सोडत. मी कार्यालयातून सुटले की डबा घेऊन जात असे.

एका संध्याकाळी भाची आतून बाहेर आली ती घाबरलेली. "मावशी, त्याच्या पोटाला चिकटवलेली ती चकती सुटलीय. मी काही हात लावला नाही गं." आपल्यावर आळ येईल, या भीतीने ती कुणाला सांगायला तयार नव्हती. मी तिला घेऊन दारापाशी गेले आणि सिस्टरना सांगितले. त्या धावतच गेल्या, चकती नीट बसवून आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." मग त्यांनीच समजावले. ती चकती बाळाचे अंग किती गरम आहे ते यंत्राला सांगते. ती सुटली की यंत्राला वाटते बाळ गार पडले, आणि ते उष्णता वाढवत जाते. बाळाचे अंग साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस या मर्यादेत राहिले पाहिजे. त्यापेक्षा गार पडले तरी धोका, तापले तरी धोका. यंत्र घंटी वाजवून इशारा देते, पण एका सिस्टरकडे अनेक बाळे असली आणि चार यंत्रांच्या घंटा एकदम वाजू लागल्या, तर त्या माउलीने कुठे कुठे धावावे? त्या दिवशी सातवी शिकलेल्या आईच्या नजरेने जे पाहिले, ते यंत्राच्या घंटेइतकेच मोलाचे होते.

दुसरी गोष्ट औषधाची. मी बी. कॉम. झाले आहे. हिशेबात दशांश चिन्ह एक घर सरकले तर काय होते ते मला वेगळे सांगावे लागत नाही. खतावणीत ते दुरुस्त करता येते, लाल शाईने सही करता येते. चौदाशे ग्रॅमच्या बाळाचे औषध त्याच्या वजनावर, थेंबाथेंबाने मोजून दिले जाते. तिथे ०.५ चे ५ झाले तर औषध दहापट जाते. ही चूक गरिबांच्याच दवाखान्यात होते असेही नाही. २००६ साली अमेरिकेत इंडियानापोलिस शहरातल्या एका नामांकित रुग्णालयात रक्त न गोठण्याचे औषध बाळांना देताना लहान मात्रेच्या कुपीऐवजी हजारपट तीव्र अशी मोठ्या माणसांची कुपी वापरली गेली आणि तीन बाळे गेली. कुप्या दिसायला सारख्या होत्या. यातून शहाणपण असे निघाले की सारख्या दिसणाऱ्या कुप्या एकत्र ठेवू नयेत आणि नाजूक औषध दोघांनी वाचून, मात्रा मोठ्याने म्हणून मगच द्यावे. बँकेत मोठ्या रकमेच्या धनादेशावर दोन सह्या लागतात, तसेच हे.

तिसरी गोष्ट हातांची. अतिदक्षता कक्षात जगलेले बाळ जंतुसंसर्गाने जाते, आणि तो जंतू बहुधा माणसाच्या हातावरून येतो. व्हिएन्ना शहरात १८४७ साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने प्रसूतीच्या वॉर्डात येणाऱ्या डॉक्टरांना औषधी पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मरण झपाट्याने कमी झाले. पौणेदोनशे वर्षे झाली, तरी हात धुण्याची आठवण अजून भिंतीवर चिकटवावी लागते. आत जाताना आपण स्वतः कोपरापर्यंत हात धुवायचे, बांगड्या-अंगठ्या काढायच्या, आणि दुसरे कुणी न धुता हात लावू लागले तर नम्रपणे म्हणायचे, "सिस्टर, हात धुतले का?" यात कुणाचा अपमान नाही.

चौथी गोष्ट सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. चोविसाव्या दिवशी बाळाला घरी सोडले. सगळ्यांना आनंद झाला. सासूबाईंनी भाचीच्या हातातली कागदांची पिशवी घेतली आणि गाडीची घाई केली. मी लिपिक माणूस, कागद वाचल्याशिवाय पुढे सरकवायची सवय नाही. शेवटच्या कागदावर खाली इंग्रजीत तीन अक्षरे आणि पुढे एक तारीख होती. आर. ओ. पी. याबद्दल आम्हाला कुणी चकार शब्द बोलले नव्हते. मी परत वर जाऊन विचारले. तेव्हा कळले की ती डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आहे आणि ती त्या तारखेलाच झाली पाहिजे.

कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. त्यात ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त गेला तर त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा सुटून बाळ कायमचे आंधळे होऊ शकते. अमेरिकेत १९४० च्या दशकात आणि पुढे काही वर्षे हजारो बाळे अशी आंधळी झाली. पेटीतल्या बाळाला भरपूर ऑक्सिजन देणे हेच तेव्हा चांगले समजले जाई. पुढे कळले की ऑक्सिजन हेही औषधच आहे, मोजूनच द्यायचे असते. आपल्या देशात आता असा नियम सांगितला जातो की चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांची पहिली तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत व्हावी, आणि फारच लवकर जन्मलेल्या बाळाची त्याहूनही आधी. आजार सापडला तर लेसरचे उपचार काही दिवसांतच व्हावे लागतात. बाहेरून डोळे अगदी छान दिसतात, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही.

आमच्या बाळाला तो आजार निघाला. आंबा घाटातून कोल्हापूरला नेऊन लेसर करून आणले. जावयाला पगारावर उचल घ्यावी लागली, बहिणीने हातातल्या दोन बांगड्या मोडल्या. आज तो मुलगा शाळेत जातो, फळ्यावरचे वाचतो. पण त्या चोवीस दिवसांत त्याच बाकावर आमच्याबरोबर बसलेल्या किती जणांनी ती तीन अक्षरे पिशवीत तशीच घरी नेली असतील, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

त्या बाकावर आमच्या शेजारी एक आजोबा बसत. एके पहाटे त्यांना आत बोलावले आणि थोड्या वेळाने त्यांच्या हातात कापडात गुंडाळलेले बाळ व एक कागद दिला. मी विचारले, "बाबा, काय झालं ते डॉक्टरांनी सांगितलं का?" ते म्हणाले, "आमी काय इचारनार बाय? ती शिकलेली मानसां." हात जोडून, मान खाली घालून ते जिना उतरले. बाळाला काय झाले होते ते मला माहीत नाही. कदाचित कुणाचीच चूक नसेल. पण ते कारण जाणून घेण्याचा त्या आजोबांचा हक्क होता आणि तो त्यांनी मागितला नाही, कारण मागायचा असतो हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

वाचक बंधू-भगिनींनो, दुःखाला कारण असते आणि ते शोधता येते, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. ती फक्त वंदनेपुरती ठेवायची का? बाळ गेले तर का गेले, वाचले तर पुढे काय जपायचे, हे विचारणे म्हणजे डॉक्टरांशी भांडण नव्हे. मी भांडण करणाऱ्यांपैकी नाही. दवाखान्याच्या काचा फोडून कुणाचे बाळ परत येत नाही, उलट दुसऱ्याच्या बाळाचे उपचार थांबतात. शांतपणे विचारलेल्या प्रश्नाची धार मात्र फार असते. उपचारांच्या कागदपत्रांच्या प्रती मागितल्यावर बहात्तर तासांत दिल्या पाहिजेत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. तो माहीत असलेल्या माणसाशी सगळेच जरा जपून बोलतात.

आईला बाहेर ठेवू नका, हा आग्रहही आपण धरला पाहिजे. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांच्यापुढे पेट्या कमी आणि बाळे जास्त, अशी अडचण होती. त्यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. कमी वजनाच्या बाळाला प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवले, तर मरणाचे प्रमाण पाव हिश्शाने कमी होते, असे त्यात दिसले. त्यासाठी आईला कक्षातच खाट द्यावी लागते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी हे फार आधी ओळखले होते. गर्दी, जंतुसंसर्ग, अपुरी माणसे, अशा स्थितीत त्यांनी आयांनाच बाळांच्या शुश्रूषेत घेतले, वरचे दूध बंद करून आईच्या दुधावर भर दिला, आणि १९८९ साली आशियातली पहिली मातृदूध पेढी तिथे सुरू केली. धारावीतल्या गरीब आयांची बाळे त्या दुधावर जगली. म्हणजे आई हा कक्षातला अडथळा नसून तीच तिथली सर्वात स्वस्त आणि सर्वात जागरूक परिचारिका आहे.

आता आपण काय करायचे? आमच्या वस्तीत आम्ही एक लहानसे काम सुरू केले आहे. सिस्टर असलेल्या आपल्याच एका मुलीला बोलावून पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर अर्धा तास बायकांशी बोलायला लावले आणि एका कागदावर साध्या मराठीत प्रश्न लिहून घरोघर दिले. बाळाचे आजचे वजन किती? नवे औषध कोणते आणि कशासाठी? मला बाळाला छातीशी कधी घेता येईल? माझे दूध त्याला मिळते का? डोळ्यांची आणि कानांची तपासणी कोणत्या तारखेला, कुठे? रात्री या कक्षात किती सिस्टर असतात, आणि आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कोणता? घरी सोडताना कागद मराठीत वाचून दाखवल्याशिवाय दवाखाना सोडायचा नाही. बाळाला एका दवाखान्यातून दुसरीकडे हलवताना त्याला टोपी-मोजे घालून, जमल्यास आईच्या छातीशी धरून न्यायचे, कारण मंडणगडहून रत्नागिरीला यायला काही तास लागतात आणि तेवढ्यात बाळ गार पडते. घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटींना आल्याच पाहिजेत. आल्या नाहीत तर त्यांच्याकडे निरोप पाठवायचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आणले. त्याच वाटेवरून या भेटी आल्या आहेत, त्यांना कमी लेखू नका.

पहिल्या दिवशी कागद वाटताना एका आजीने विचारले, "एवढं इचारल्यावर डॉक्टर रागावणार नाय काय?" मी म्हटले, "आजी, एखादा रागावेल. पण दहा जणींनी विचारले की अकरावीला तो न विचारता सांगेल."

वस्तीत सध्या तीन सुना गरोदर आहेत. तिघींच्या घरी तो कागद भिंतीला लावला आहे. वाचकांपैकी ज्यांच्या वस्तीत सिस्टर, आशाताई किंवा कागद वाचणारी एखादी शिकलेली मुलगी असेल, त्यांनी येत्या पौर्णिमेलाच तिला पुढे बसवावे.